शंखोळची अठ्ठावीस घरं

"…म्हणजे वारा आत येणारच नाही?" नूरशा फकिराने विचारलं.

"नाही," मृणाल म्हणाली. "ताशी दोनशे किलोमीटरचा आला तरी नाही."

"पाणी?"

"थेंबसुद्धा नाही."

"आवाज?"

"आवाजही नाही, बाबा. बाहेर काय वाटेल ते होऊ दे, आतल्या माणसाला गाढ झोप लागेल."

"वा," फकीर म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि हातातलं जाळं पुन्हा शिवू लागला.

मृणाल दातार चिडली होती, पण तसं दाखवायचं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या वादळाने शंखोळ बेटावरची अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं भुईसपाट केली होती. तेव्हापासून सगळी वस्ती ताडपत्रीच्या पालांत राहत होती. मृणाल इंजिनिअर. एका संस्थेने तिला पुण्याहून पाठवलेलं. याआधी दोन किनाऱ्यांवर तिने वादळात टिकणारी घरं उभी केली होती, त्याबद्दल तिचा सत्कारही झाला होता. शंखोळला येऊन दोन महिने ती उन्हातान्हात राबली आणि नमुन्याचं एक घर बांधलं. हातभर जाडीच्या भिंती, लोखंडी झडपा, घट्ट बसणारं जाड दार. एक पडलं तर दुसऱ्यावर पडू नये म्हणून प्रत्येक घर सुटं, चारी बाजूंनी तीस हात मोकळं.

लोक येऊन भिंतीवर हात फिरवून गेले. छान आहे म्हणाले.

राहायला मात्र कुणी जाईना.

गावचा पुढारी धाया नाखवा म्हणाला, घर झकास आहे, आमच्या म्हातारीला विचारून सांगतो. म्हातारी म्हणाली, सुनेला विचारते. सून म्हणाली, आमच्यात नाखवा म्हणतील तसं.

फाल्गुन लागला होता. सामानाचा मचवा पलीकडच्या बंदरात भरून उभा होता. होळीपर्यंत गावाने हो म्हटलं नाही, तर संस्था तो दुसऱ्या गावाला पाठवणार होती. मग हा पावसाळा माणसं ताडपत्रीखाली काढणार.

शेवटी नाखवा डोकं खाजवत म्हणाला, "फकीरबाबाला विचारा. तो आत राहिला तर आम्ही राहू."

म्हणून ती बेटाच्या टोकावरच्या दर्ग्यात आली होती. दगडी दर्गा तेवढा वादळातून वाचला होता. नूरशा तिथे एकटा राही आणि गावाची फाटकी जाळी शिवून देई.

"बाबा, तुम्ही एक दिवस राहून बघा," ती म्हणाली. "मग सांगा त्यांना."

"चल," फकीर म्हणाला आणि उठलाच.

घराच्या दारात तो थांबला.

"मी आत बसतो. तू पलीकडे पोशीबायच्या पालात जाऊन बस. मी हाक मारली की ये."

"एवढंच?"

"एवढंच."

दार लागलं. मृणाल हसत हसत पालाकडे गेली. म्हाताऱ्याला घर आवडलं, तिला वाटलं.

पोशीबाय सुकट निवडत होती. तिने चहा टाकला. तेवढ्यात शेजारच्या पालातून आवाज आला, "पोशे, आलं आहे काय गो?" पोशीबायने बसल्या जागेवरून ताडपत्री उचलून आल्याचा तुकडा पलीकडे सरकवला. त्याच्याही पलीकडून कुणीतरी खोकलं. "काढा घे रे," पोशीबाय ओरडली. "घेतला," उत्तर आलं.

मृणालने चहाचा घोट घेतला. हाकेची वाट पाहिली.

"तुमचं घर कधी पडलं, पोशीबाय?"

"दुपारी. जेवणं आवरत होते. आधी कौलं गेली, मग भिंत आली अंगावर. पाय अडकला. हलता येईना."

"मग?"

"मग काय, कमळीला हाक मारली. आमच्या दोघींत कारवीच्या कुडाची भिंत, सगळं ऐकू यायचं. ती आली धावत पोरासोरांना घेऊन. ती इकडे आली आणि तिकडे तिच्या घरावर माड पडला."

मृणालने कप खाली ठेवला.

"तिने पुढच्या घराला हाक दिली. त्यांनी त्यांच्या पुढच्याला. तशी सगळी वस्ती दर्ग्यात पोचली. नाखव्याने माणसं मोजली. एकशे एक्केचाळीस." पोशीबायने सुकटीतला एक खडा काढून बाहेर टाकला. "सगळी होती."

आज कुठली मासळी मिळाली ते सांगावं, तशा सुरात तिने हे सांगितलं.

मृणालने वळून आपल्या घराकडे पाहिलं. पांढरं, चकचकीत, एकटं.

"बाबाची हाक आली काय गो?" पोशीबायने विचारलं.

"नाही…"

"बराच वेळ झाला."

मृणाल उठली. आधी चालत, मग पळत गेली. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आतून काही नाही. खांदा लावून तिने दार ढकललं.

गार फरशीवर फकीर पाय पसरून झोपला होता. घोरत होता.

"बाबा… बाबा, तुम्ही हाक मारणार होतात."

फकिराने डोळे चोळले. "मारली की. सात वेळा." तो सावकाश उठून बसला. "मग झोप लागली. तू म्हणाली होतीस तश्शी. घर उत्तम आहे, बेटी."

मृणाल उंबऱ्यावर बसली. तिला हसू आलं. मग ते आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तेही आवरेना. फकीर शांतपणे दाढीला लागलेली धूळ झटकत होता.

"मला आधी का नाही सांगितलं कुणी?"

"तू किती राबत होतीस. तुझं मन मोडवेना त्यांच्याने."

मृणालने भिंतीवर हात ठेवला.

"पाडून टाकते हे."

"पाडतेस कशाला? जाळी ठेवायला गावाला जागाच नव्हती. उंदीरसुद्धा शिरायचा नाही."

त्याच संध्याकाळी मृणालने बायकांना किनाऱ्यावर गोळा केलं. पहिल्यांदाच तिने कागद नेला नव्हता. शिंपलीने वाळूवर रेघ ओढली आणि शिंपली पोशीबायच्या हातात दिली.

पोशीबायने लाजत एक चौकोन काढला. त्याला चिकटून दुसरा. मग लाजणं संपलं आणि चारचार जणी एकदम वाळूवर वाकल्या.

पाया मृणालचाच राहिला. छप्पर भिंतीशी जखडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या तिच्याच राहिल्या. त्या बाबतीत ती कुणाचं ऐकणार नव्हती, आणि नाखव्याने त्या ओढून पाहिल्यावर कुणी काही बोललंही नाही. पण घरं आता ओळीने, खांद्याला खांदा लावून उभी राहणार होती. आणि दर दोन घरांमधल्या भिंतीत एक छोटी खिडकी. जमिनीवर पडलेल्या माणसाचाही हात पोचेल इतकी खाली. लाकडी झडपेची, दोन्हीकडून उघडणारी.

कुणाच्या शेजारी कोण, यात तीन दिवस गेले.

"कमळी माझ्या उजव्या अंगाला पाहिजे," पोशीबाय म्हणाली. "डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं."

मृणालने ते वहीत लिहून घेतलं. पायाच्या खोलीखालीच लिहिलं.

होळीच्या दिवशी मचवा आला. शिमग्याचा नाच सोडून माणसं गुडघाभर पाण्यात उतरली आणि नाचतच सिमेंटची पोती खांद्यावरून आणू लागली. नव्या लुगड्यातल्या बायका वाळूच्या पाट्या वाहत होत्या. नूरशा फकीर लांब झगा खोचून चिखल तुडवायला आला, घसरून पडला, आणि उठायच्या आधी स्वतःच इतका हसला की दोन गवंडी काम सोडून त्याला उचलायला आले आणि तेही घसरले. मृणालने कितीतरी महिन्यांत असं हसून घेतलं नव्हतं. तिचे हात फुटले, नाक सोललं, आणि कधीतरी तिच्या लक्षात आलं की सगळे तिला 'मॅडम' म्हणायचे थांबलेत. 'मृणालबाय' म्हणतायत.

वैशाख सरता सरता अठ्ठाविसाव्या घरावर छप्पर चढलं.

त्या दिवशी साऱ्या खिडक्या उघडून ठेवल्या. पहिल्या घरात पोशीबायने साध्या आवाजात नाव घेतलं, "धाया." कमळीने ते पुढे दिलं. खिडकीखिडकीतून नाव सरकत गेलं. बाहेर वाळूत मृणाल कान देऊन उभी होती.

अठ्ठाविसाव्या घरातून नाखव्याने डोकं बाहेर काढलं.

"कोण बोलवतंय मला?"

सगळी ओळ हसली. मृणाल वाळूत बसून राहिली आणि दोन्ही हातांनी तिने तोंड झाकून घेतलं.

अक्षरशः पहिल्या पावसाच्या तोंडावर गाव घरात गेलं. चौथ्या दिवशी मृणालला निघायचं होतं. ती निरोप घ्यायला ओळीत शिरली आणि जागच्या जागी थबकली.

पहिल्या घरातून आरडाओरडा ऐकू येत होता.

कमळीने आपल्या बाजूने खिडकीला गोणपाट लावलं होतं. पोशीबाय ते उपटून काढत होती.

"घरातलं अवाक्षर सोडत नाही मेली, सगळं ऐकते!" कमळी ओरडली.

"मग सुकट भाजताना धूर कुठे सोडतेस गो तू? माझ्या नाकात!"

"अहो, ऐका ना…" मृणाल पुढे झाली.

"तू मध्ये पडू नकोस!" दोघी एकदम म्हणाल्या.

मृणालचा चेहरा उतरला. पिशवी खांद्याला लावून ती तशीच दर्ग्याकडे चालू लागली. तिच्या डोक्यात मापं फिरत होती. खिडकी वीतभर लहान करायला हवी होती का? झडप एकाच बाजूने उघडणारी करायला हवी होती का? एवढं करून शेवटी असं…

फकीर पायरीवर वारा खात बसला होता.

"बाबा, चुकलं माझं. पुन्हा चुकलं."

"काय झालं?"

"पोशीबाय आणि कमळी भांडतायत. त्या खिडकीवरून. सकाळपासून."

फकीर सरळ बसला.

"जोरात?"

"साऱ्या गावाला ऐकू जातंय. आता तिसऱ्या घरातलेही बोलायला लागलेत मध्ये."

"तू सोडवायला गेलीस?"

"गेले. मलाच ओरडल्या."

फकिराने डोळे मिटले. वारा दर्ग्याकडे होता. त्यावरून पोशीबायचा आवाज आला, मग त्याहून चढा कमळीचा… आणि मग कुठेतरी मधेच, भांडता भांडता, कुणीतरी हसल्याचा.

तो उठला. आत गेला, कबरीवरच्या चादरीजवळच्या वाटीतले खडीसाखरेचे दोन खडे घेऊन आला आणि मृणालच्या फुटलेल्या तळहातावर ठेवले.

"तोंड गोड कर, बेटी," नूरशा फकीर म्हणाला. "गाव बसलं."