रांजणातला निखारा

“ते सगळं खरं, अक्का, पण घेऊ कुठली?”

हौसाक्का लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

धैर्यशील घोरपडेनं त्यांच्यासमोर चकचकीत पुस्तिका उघडून धरली होती. पानोपानी सिरॅमिकच्या कोळशाच्या चुली. हिरव्या, काळ्या, निळ्या, एकीपेक्षा एक तालेवार. कुणाला दोन्ही अंगांना लाकडी फळ्या, कुणाच्या पोटात वारा घालायला पंखा. एक तर आपली खुशाली मालकाला मोबाइलवर कळवणारी.

“ही मोठी बघा की. हिच्यात अख्खं बकरं मावतंय.”

“आन रोज अख्खं बकरं खाणारं कोण येणार हाय तुज्याकडं?”

“येतील की! हॉटेल काढतोय अक्का, खानावळ नव्हे.”

“हं...”

“ही बारकी म्हटली, तर हिच्यात बकऱ्याची मोठी मांडी बसत नाही.”

“मग मांडी बारकी घे.”

धैर्यशीलनं पुस्तिका मिटली. अक्कांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो आपटायचा, हा भाग वेगळा.

हौसाक्कांचा हात म्हणजे नावाजलेला हात. मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात भट्टीखान्याच्या प्रमुख म्हणून त्यांनी उमर काढली आणि मग पन्हाळ्याच्या वाटेवर घर बांधून राहिल्या. निरोपाच्या वेळी हॉटेलवाल्यानं त्यांची आवडती सिरॅमिकची चूल जहाजानं मागोमाग पाठवून दिली. जाड भिंतीची, फुगीर पोटाची, थेट रांजणासारखी. खाली हवेचं दार, वर जड झाकण, झाकणाच्या डोक्यावर धुरासाठी फिरती चकती आणि पुढं उष्णता दाखवणारा काटा. अक्का तिला रांजणच म्हणायच्या.

हाताखाली शिकलेला माणूस स्वतःचं हॉटेल काढायला निघाला, की त्यांच्याकडं एक रिवाज असे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला रांजणाला हात लावू द्यायचा. त्यानं मांस भाजायचं, अक्कांनी चाखायचं. पसंत पडलं तर त्याच विस्तवातला एक निखारा पितळी डब्यात घालून द्यायच्या आणि त्यावर त्याची नवी चूल पेटायची. निखारा मिळाला नाही, तर हॉटेल काढायला कुणी हात धरत नव्हतं. फक्त अक्कांचं नाव लावायचं नाही.

धैर्यशीलनं पाटी आधीच रंगवून घेतली होती. ‘हौसाक्कांचा पट्टशिष्य’. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

पण खरी गोष्ट पाटीची नव्हती. घोरपड्यांच्या घरात पुरुषानं कधी पळी धरली नव्हती. यानं धरली, तेव्हा अख्ख्या भावकीनं त्याचं हसं केलं. अक्कांनी मात्र एवढंच विचारलं होतं, “कांदा बारीक चिरतोस का?” त्या दिवसापासून हा माणूस अक्कांच्या शब्दावर जगत होता. मिशीला पीळ देऊन कितीही मिरवला, तरी त्या निखाऱ्यावाचून परत जायची त्याला भीती वाटत होती.

“आदी भाजून दाव,” अक्का म्हणाल्या. “कुठली घ्यायची ते मागनं बगू.”

मसाला चोळून मुरवलेली मांडी त्यांनी त्याच्या हाती दिली. मग हात पुढं केला.

“मोबाइल.”

“तो कशाला?”

“माज्या रांजणाला पत्ता ठावं न्हाई त्येचा.”

मोबाइल पिठाच्या डब्यात गेला.

“शेजारी म्हस व्यालीया. जाऊन येतो, खरवस मिळंल.” अक्कांनी पायात चपला सरकवल्या. “झाकण उगडू नगंस.”

“नाही उघडत.”

“बगावंसं वाटंल.”

“अक्का, मी काय नवशिका आहे?”

अक्का गेल्या.

धैर्यशीलनं कोळसे रचले, पेटवले, धूर पांढऱ्याचा निळसर होईपर्यंत थांबला. मांडी जाळीवर ठेवली. झाकण लावलं. सगळं अगदी शिकवल्यासारखं.

मग त्यानं काट्याकडं पाहिलं.

काटा फार वर होता. एवढ्या आचेवर मांडी बाहेरून जळणार आणि हाडाशी कच्ची राहणार. त्यानं खालचं दार थोडं लोटलं.

काटा हलला नाही.

असू दे. जाड भिंतीची चूल एकदा तापली, की सहजासहजी उतरत नाही. तो थांबला. मग वरची चकती निम्मी फिरवली.

काटा होता तिथंच.

आता घोरपडे पेटला. दार आणखी लोटलं. चकती आणखी फिरवली. काटा हलेना, हाही हटेना. चरबी निखाऱ्यावर पडल्याचा चर्र आवाज केव्हाच थांबला होता. चकतीतून येणारा धूर जड झाला, मग कोंदट झाला, मग यायचाच थांबला. रांजणाला नुसता पालथा हात लावला असता, तरी ऊब कमी झाल्याचं कळलं असतं. पण हात मोकळा असेल तर ना! एक दारावर होता, दुसरा चकतीवर आणि दोन्ही डोळे काट्यावर.

शेवटी त्यानं दोन्ही वाटा गच्च बंद केल्या.

काटा जागचा ढळला नाही.

“च्यायला...”

त्यानं मूठ धरून झाकण एका हिसक्यात वर केलं.

हवेवाचून गुदमरलेल्या विस्तवाला एकदम वारा मिळाला. भप्पकन जाळ उठला तो सरळ त्याच्या तोंडापर्यंत. धैर्यशीलनं ओरडून झाकण आपटलं, मागं पळाला, न्हाणीपाशी भरलेली बादली उचलली आणि हिंदकळत रांजणापाशी आणली.

तिथं तो थांबला. बादली दोन्ही हातांत तशीच...

मग त्यानं ती खाली ठेवली आणि शेजारी बसला. पुन्हा झाकणाला हात लावायची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं अक्का खरवसाचं पातेलं घेऊन आल्या. त्यांनी धैर्यशीलकडं पाहिलं. उजव्या बाजूची मिशी पीळदार होती. डाव्या बाजूची करपून ओठाला चिकटली होती.

अक्का आत जाऊन पातेलं ठेवून आल्या.

“उगडलंस?”

“नाही.”

अक्कांनी तोंडाला पदर लावला. खोकल्या की हसल्या, कळलं नाही.

“आन मिशी कुटं गेली?”

धैर्यशीलचा हात ओठाकडं गेला.

“उघडलं, अक्का.”

“का?”

“काटा खाली येईना. सगळ्या वाटा बंद केल्या, तरी येईना.”

अक्कांनी फडकं घेतलं. झाकणावरचा काटा फिरवून फिरवून बाहेर काढला, हवेत धरला, पदरानं पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

काटा गार पडला, तरी मगाचीच आच दाखवत होता.

“हा बिघडलाय!”

“व्हय. लई वर्सं झाली.”

“मग सांगितलं का नाही?”

“इचारलंस कुटं? यकदा चकतीवर नाक धरलं असतंस, धुरानं सांगितलं असतं. यकदा हात लावला असतास, रांजणानं सांगितलं असतं.” अक्कांनी काट्यावर टिचकी मारली. “तू सगळं काट्यालाच इचारत बसलास.”

धैर्यशीलला राग आला. आपल्याला मुद्दाम पाडलं, असं वाटलं. मग वाटलं, पडलो तर आपणच. राग गेला नाही, पण तो कुणावर काढावा हे कळेनासं झालं.

अक्कांनी झाकण बोटभर उचललं. तसंच धरून ठेवलं. आत वारा गेला, काही उठलं नाही. मग त्यांनी ते पूर्ण वर केलं.

मांडीला वरून रंग चढला होता. अक्कांनी सुरी हाडापर्यंत घातली. आतलं मांस लालभडक.

खाली कोळसे काळेठिक्कर. चिमट्यानं उलटेपालटे केले, तरी एक ठिणगी नाही.

अक्कांनी वरच्या कडेचा तुकडा कापून तोंडात टाकला, सावकाश चावला.

“मीठ बराबर हाय.”

यावर धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा धिप्पाड गडी, पण त्याला ते आवरेना. आता निखारा मागायची सोयही राहिली नव्हती. अक्का दयेनं देतो म्हणाल्या असत्या, तरी देणार काय?

“पाटी पुसून टाकतो, अक्का,” तो म्हणाला. “हॉटेल काढीन. तुमचं नाव नाही लावणार.”

अक्का बादलीकडं पाहत होत्या. न्हाणीपासून रांजणापर्यंत सांडत आलेल्या पाण्याचा ओघळ अजून वाळला नव्हता.

“पानी तू आनलंस?”

“हो.”

“वतलं का न्हाईस?”

धैर्यशीलनं नाक पुसलं.

“एवढ्या तापल्या अंगावर गार पाणी... तडकला असता. तुमचा रांजण आहे तो.”

“आन सगळं घर पेटलं असतं म्हंजे?”

“झाकण लावून बसलो होतो की जवळ. पेटलं असतं तर ओतलं असतं.”

अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं. शेजारच्या गोठ्यात म्हैस रेकली आणि गप्प झाली.

मग त्या आत गेल्या. येताना त्यांच्या हातात पितळी डबा होता.

त्यांनी रांजणात चिमटा घातला. तळातला एक काळा कोळसा उचलला, त्यावरची राख फुंकली, डब्यात ठेवला. झाकण घट्ट दाबून डबा त्याच्यासमोर धरला.

धैर्यशीलनं दोन्ही हात पुढं केले, मग घेता घेता मागं ओढले. डबा गार होता.

“अक्का... हा तर विझलाय.”

“पेटंल की परत. झाकून इझलाय, लेका. पान्यानं न्हाई.”