पहिला नंबर

शोकसभेत आमदार काटवटे सबनीस सरांचे गोडवे गात होते आणि डॉक्टरकी अर्धवट सोडलेला निनाद मागे बसून दात खात होता. याच काटवट्यांनी एकदा सरांच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात दम भरला होता, "माझं हर्नियाचं ऑपरेशन आधी! ही म्हातारी थांबेल."

म्हातारी पोट धरून कळवळत होती. विभागप्रमुख सबनीस सर हसले. "जरूर, साहेब. दिवसाचं पहिलं ऑपरेशन आमची शिकाऊ पोरं करतात. दुसऱ्यापासून मी."

आमदार घाम पुसत म्हणाले, "नको! आजीबाईंना आधी घ्या."

सरांनी म्हातारीचं ऑपरेशन स्वतःच केलं.

"सर, आम्ही?" तेव्हा शिकाऊ असलेल्या निनादने विचारलं.

"आज बघून शिका, गाढवांनो."

आता नवे प्रमुख आमदाराच्या फोनलाही उभे राहतात. दम भरणारे सगळे जागेवर आहेत. त्यांना हसत गार करणारा तेवढा गेला.