माळाची बाग झाली

प्राण्यांच्या त्या राज्यात जो रोज हजार पावलं चालत नसे, तो लाकडाचा होई. आधी खूर, मग गुडघे, मग कंबर, असं ते लाकूड वर चढे. दुखत मात्र अजिबात नसे, म्हणूनच ते फार उशिरा ध्यानात येई. एकदा पुरता लाकूड झालेला पुन्हा चालल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन बैल समोरासमोर आले तर एकाला मागं सरावं लागे. पण मधोमध एक माळ होता. दिसायला अगदी भिकार. खडे, धूळ, एक खुरटी बाभळ आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुरांनी पाडलेली एक गोल वाट. पहाटे जो आधी उठे तो माळाकडे जाता जाता शेजाऱ्यांच्या दारांवर खूर आपटे आणि ओरडे, "चला हो!" मग आळशातला आळशीही शिव्या घालत का होईना, बाहेर पडे.

दारं वाजवण्यात द्वारकी नावाची गाढवीण सगळ्यांच्या पुढं असे. त्याला कारण होतं. तिची आई एका हिवाळ्यात "आज नको, उद्या जाईन" म्हणत ओसरीत बसली, ती बसलीच. द्वारकी रोज तिच्यावरची धूळ पुसत असे. आणि अलीकडे तापात तिची चार दिवस फेरी चुकली, तेव्हापासून तिचा स्वतःचा डावा मागचा खूर फरशीवर लाकडासारखा टक टक वाजू लागला होता. आईशेजारी आपली जागा लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

अशात बातमी आली की वर्षभरानं राजा वस्ती पाहायला येणार. वस्तीतल्या एका बड्या रेड्याला माळाची लाज वाटली. इतकी वर्षं त्याच धुळीत चालून त्याची ढोपरं शाबूत राहिली होती, पण ते आता कोण आठवतो? त्यानं उद्यान-शोभा समिती काढली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. चिटणीस म्हणून करकोचा आला, कारण तो एका पायावर तासन्‌तास उभा राही आणि विचारवंत दिसे.

समितीनं परमुलखातून हिरवळ आणली. हिरवळ आली म्हणून ती तुडवायची बंदी आली. बंदी आली म्हणून कुंपण आलं, कुंपणाला फाटक आलं, फाटकावर बोकड आला, आणि बोकडाला काहीतरी काम हवं म्हणून वेळा आल्या: भर दुपारी घटकाभर, तेही नुसतं बघायला. मध्यभागी धावत्या हरणाचा दगडी पुतळा बसवला. खाली कोरलं, 'चाला, धावा, निरोगी राहा'. शेजारी समितीसाठी एक चौथरा बांधला. त्यावर 'रहिवाशांना चालतं कसं करावं' या विषयावर बैठका होत. त्या सकाळी बसत आणि दिवेलागणीला उठत. पुढं पुढं उठेनाशाच झाल्या.

द्वारकी एकदा चौथऱ्यापाशी गेली. "साहेब, फेरी बंद पडलीय. माझा पाय वाजायला लागलाय."

"द्वारकाबाई," रेडा मायेनं म्हणाला, "आधी ही हिरवळ बघा. डोळे कसे निवतात!"

"डोळे निवतात हो. पण पाय वाळतायत, त्याचं काय करू?"

"अहो, चालायचंच असेल तर नदीपलीकडे केवढं मैदान आहे! गाडी करा आणि जा."

चालण्यासाठी गाडी करायची, यात काही चुकतंय असं चौथऱ्यावर कुणालाच वाटलं नाही. द्वारकीची पाठ वळताच करकोचा म्हणाला, "गाढवाला गुळाची चव काय!" आणि सगळे पोट धरून हसले. हसायला उठावं लागत नाही.

द्वारकी कुंपणाच्या बाहेरून चालू लागली. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला तारा, मध्ये खूरभर जागा. पहाटे ती दारं वाजवी. आधी दहा जण आले, मग चार. गटारात कोण पडणार? शेवटी एकटी चंपा शेळी उरली, तीही 'येते गं' म्हणून पुष्कळदा घरीच राही. एक दिवस द्वारकीनं तिचं दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग ढकललं. चंपा उंबऱ्यातच उभी होती, एक पाय बाहेर टाकलेला, 'येते गं' म्हणायला तोंड उघडलेलं. द्वारकीनं तिचा लाकडी गळा मिठीत घेतला आणि ढसाढसा रडली. त्या दिवशी ती फेरीला गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे दोन्ही मागचे पाय गुडघ्यापर्यंत वाजू लागले.

राजा आला. राजा म्हणजे एक म्हातारा हत्ती. त्याला उचलील अशी पालखी राज्यात नव्हती, त्यामुळं तो बिचारा पायीच हिंडे. चौथऱ्यावर अख्खी समिती बसलेली होती. राजानं सोंड उचलून नमस्कार केला. कुणी हललं नाही. राजानं जवळ जाऊन रेड्याच्या शिंगांवरून सोंड फिरवली.

"वा! हरणापेक्षा हे पुतळे सरस आहेत," तो म्हणाला. "अगदी हुबेहूब. दरवर्षी तेल लावत जा, नाहीतर वाळवी लागेल."

राजा गेला. त्याच्यासाठी उघडलेलं फाटक उघडंच राहिलं. बोकडानं तीन दिवस आधीपासून सलामी धरली होती, ती उतरली नाही.

द्वारकी आत शिरली. हिरवळीखाली जुनी वाट कुठं होती, ते तिच्या पायांना ठाऊक होतं. पहिल्या फेरीला नुसती टक टक. तिसऱ्या फेरीला डाव्या गुडघ्यात अशी कळ आली की ती मटकन खाली बसली, आणि आनंदानं मोठ्यानं हसली. दुखत होतं! मग ती उठली आणि गल्लीत दारं वाजवायला गेली. पाच दारं उघडली. दुसऱ्या दिवशी नऊ.

महिन्याभरात हिरवळीतून धुळीची गोल रेघ वर आली. ती चौथऱ्याला अगदी लागून जाते. तिथून जाताना जो तो सवयीनं रेड्याच्या ढोपरावर खूर आपटतो आणि म्हणतो, "चला हो!" आतून पोकळ आवाज येतो.