तीन रिकाम्या जागा

"मास्तर, क्रियापदापुढे टू की फॉर, हे तुम्हाला अजून डिक्शनरीत बघावं लागतं?"

प्रसेनजित हसून विचारत होता. इंग्रजीत विद्यापीठात पहिला आलेला. तहसील कचेरीबाहेर पस्तीस वर्षं इंग्रजी अर्ज लिहिणारे केरूमास्तर आता टेबल सोडणार होते, आणि ते टेबल याला हवं होतं.

समोर हिराबाई बसल्या होत्या. त्यांच्या नातीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला शहरातल्या शाळेच्या वसतिगृहात जागा हवी होती, आणि अर्ज आजच जायचा होता. त्या बोलत होत्या. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत पेन्सिलीने लिहीत होते. प्रीपोझिशन अडलं की जागा सोडून पुढे जात. अशा तीन जागा झाल्या.

प्रसेनजितला राहवलं नाही. त्याने कोरा कागद ओढला आणि पाच मिनिटांत स्वतःचा अर्ज उतरवला. कुठेही अडला नाही. इंग्रजी चोख होतं, खोटं कशाला बोलू.

मास्तरांचा रिवाज असा, की अंगठा घेण्याआधी अर्ज ज्याचा त्याला मराठीत वाचून दाखवायचा.

प्रसेनजितने वाचला. सदर विद्यार्थिनी गरजू व होतकरू असून...

हिराबाईंनी हात जोडून ऐकलं. "झ्याक हाय, सायेब. पर ही पोरगी कुणाची?"

मग मास्तरांनी आपला वाचला. सगुणा, वय सात. ढग गडगडले तरी तिला कळत नाही. पण आजी भाकरी थापताना ती काठवटीला हात लावून बसते, आणि थाप हाताने ऐकते.

हिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि अंगठा पुढे केला.

"पण तो अर्धवट आहे," प्रसेनजित म्हणाला. "माझ्यात एकही जागा रिकामी नाही."

मास्तरांनी त्याच्या कागदावरच्या पहिल्या ओळीतल्या टिंबांवर बोट ठेवलं.

"ते नाव," प्रसेनजित म्हणाला. "मागाहून भरता येतं."

मास्तरांनी आपल्या तीन जागा दाखवल्या. "आणि हे?"

प्रसेनजितला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही. त्याने आपला कागद फाडला आणि हिराबाईंकडे वळला.

"आजी, सगुणाला तुम्ही हाक कशी मारता?"

हिराबाईंनी टाच दोनदा जमिनीवर आपटली.

मास्तर खुर्चीतून उठले.

"बस इथे. आता डिक्शनरी उघड."