गळलेला एक ‘र’

फार पूर्वीची गोष्ट. दरीकाठच्या एका नगरात झुलत्या पुलाचा दोर चुकला, आणि त्या चुकीत पहिला वाटा पोथीघरातील लेखनिकेचा होता. हे पुढे तिने स्वतःच मान्य केले, म्हणून आपणही ते आधीच सांगून टाकू.

नगराला लागणारी प्रत्येक वस्तू कशी घडवावी, ते एका मूळ पोथीत लिहिलेले होते. ती पोथी पोथीघराबाहेर कधीच जात नसे. ज्या दिवशी जे लागे, तेवढाच मजकूर लेखनिका एका हिरव्या पानावर उतरवून देई. काम झाले की पान सुकून त्याचा चुरा होई. पोथी मात्र अबाधित राही.

पोथीतील अक्षरे सलग होती. दोर वळणारे ती तीन-तीन करून मोठ्याने वाचत. प्रत्येक त्रयी ओळखणारा एकेक वाहक होता. ‘नगर’ म्हटले की अंबाडी आणणारा उठे, ‘मखर’ म्हटले की काथ्या आणणारा. दुसऱ्याच्या हाकेला कोणी हलतही नसे. धागे त्या क्रमाने जोडले, की दोर आपोआप योग्य पीळ धरी.

तीस वर्षांत लेखनिकेचे एक अक्षर चुकले नव्हते. दुसऱ्याचा अनुस्वार राहिला, तर मात्र ती त्याला चारचौघांत उभे करी.

त्या दिवशी पुलाचे पान देऊन ती जेवायला बसली. पानाच्या शेवटच्या ओळीत एका अक्षराइतकी जागा उरली होती, ते तिला आठवले. सकाळी ती जागा तिला सुबक वाटली होती. आता मात्र तिला शंका आली. पोथीतील ओळ तर काठोकाठ भरलेली होती.

ती उष्ट्या हाताने उठली, हात धुतला आणि पोथी उघडली. चौथ्या ओळीशी बोट थबकले. तेथे ‘सदरनगरमखर’ असे होते. आपण ‘सदनगरमखर’ असे उतरवले, हे तिला लख्ख आठवले. ‘सदर, नगर, मखर’ असे वाचायचे, तेथे ‘सदन, गरम’ असे वाचले गेले असणार. एक ‘र’ गळला होता, आणि पुढची प्रत्येक त्रयी सरकली होती.

जो दोर वळतो, त्यानेच पुलावर पहिले पाऊल टाकावे, अशी तेथील रीत होती. ती धावत सुटली. पान सुकून जाईल, मग चूक कोणाची हे कोणाला कळणार, असाही विचार वाटेत तिच्या मनाला शिवला. त्याची तिला अधिकच भीती वाटली.

पुलाशी वाहक जमले होते, आणि वृद्ध दोर वळणाऱ्याने एक पाय फळीवर ठेवला होता.

“आजोबा, पाय मागे घ्या. अक्षर माझे चुकले आहे.”

त्याने पाय मागे घेतला आणि दगडांनी भरलेले एक पोते पुलावर ढकलले. तिसऱ्या फळीशी दोर तुटला. पोते दरीत पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

वळतानाच दोर पीळ धरत नव्हता, वाचताना शेवटी दोन अक्षरे उरली होती, असे वाहक सांगू लागले. मग कोणी विचारले कसे नाही, असे तिने विचारले.

“विचारणार कोण, बाई?” वृद्ध म्हणाला. “गेल्या वर्षी एका वेलांटीबद्दल विचारले, तर तुम्ही मला पोरांच्या रांगेत बसवून बाराखडी म्हणायला लावली. त्यापेक्षा दरी बरी वाटली.”

मागे कोणीतरी हसले. लेखनिकेने मान वर केली नाही.

तेथेच असे ठरले, की तुटका दोर उकलून धागे परत ढिगांत टाकावेत, चुकीचे पान फाडावे आणि मूळ पोथीवरून नवे पान उतरवावे. यापुढे प्रत्येक पान दुसऱ्याने पोथीशी ताडून पाहावे, आणि शंका येताच कोणीही काम थांबवावे. वृद्धाने मान डोलावली. वाहकांनी होकार दिला. सर्वांत शेवटी लेखनिकेने होकार दिला.

तात्पर्य : ज्याची चूक दाखवण्याचे इतरांना भय वाटते, त्याची चूक सर्वांना भोवते.