भुकेची परीक्षा

फार फार वर्षांमागची गोष्ट. एका नदीकाठी मोठं विद्यापीठ होतं. लांबलांबच्या राज्यांतून मुलं तिथे शिकायला येत, आणि ती सगळीच काही खात्यापित्या घरची नसत. म्हणून गावकऱ्यांनी दिलेल्या धान्याची एक कोठी तिथे होती. ती सांभाळायला एक म्हातारा कोठीवाला होता.

त्याची रीत साधी होती. दार उघडं टाकायचं आणि आपण पाठमोरं बसून डाळ निवडायची. ज्याला हवं त्याने यावं, पंच्यात शिधा बांधावा आणि मुकाट्याने जावं. कोण आलं, किती नेलं, हे तो बघत नसे.

एकदा एका धनिकाच्या मुलाने तिथले तांदूळ नेऊन कबुतरांना टाकले. गोष्ट पंडितांच्या कानावर गेली. पंडितच ते; परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना घोटभर पाणीसुद्धा गोड लागत नसे. त्यांनी ठरवलं, यापुढे शिधा हवा असेल त्याने तीन पंडितांसमोर बसून आपली भूक सिद्ध करावी.

कोठीवाल्याला हे मुळीच पटलं नाही. पण एवढ्या विद्वानांपुढे आपण अडाण्याने काय तोंड उघडायचं? त्याने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मग व्हायचं तेच झालं. भरल्या पोटाची, बोलघेवडी मुलं भुकेचं असं रसाळ वर्णन करत की पंडितांचे डोळे पाणावत. त्यांच्या झोळ्या भरत. जी खरोखर उपाशी होती, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

त्यांत एक धनगराचा मुलगा होता. गणितात हुशार, पण अबोल. त्याची पाळी आली तेव्हा पंडितांनी विचारलं, "तू उपाशी आहेस याला प्रमाण काय?"

"मला भूक लागली आहे," तो म्हणाला.

हे नुसतं म्हणणं झालं, प्रमाण नव्हे, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं.

तो कोठीवरून चालला होता. भिंतीला हात टेकत टेकत चालला होता. कोठीवाल्याने ते पाहिलं आणि त्याचा हात किल्लीकडे गेला. दोन मुठी तांदूळ दिले तर कुणाला कळणार होतं? पण नियम मोडायची भीती वाटली. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला नीट बोल, बाळा."

मुलाने मान हलवली.

पुढची खेप आलीच नाही. पाचव्या दिवशी तो खोलीत मरून पडलेला सापडला. चुलीवरच्या मडक्यात चिंचेचा पाला शिजवलेला होता. पंडित जमले, आणि मुलगा भुकेने गेला की तापाने, यावर त्यांचा वाद सुरू झाला.

कोठीवाला मधेच उभा राहिला. "तो उपाशी आहे हे मला दिसलं होतं," तो म्हणाला, "आणि किल्ली माझ्याजवळ होती."

त्याने कोठीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून टाकलं. पण कुणी आलं नाही. गरीब मुलांना आता त्या वाटेने जायचीही लाज वाटत होती, आणि बरीचशी तर शिक्षण सोडून घरी निघून गेली होती. धान्याला कीड लागली. पोत्यांशेजारी बसून म्हातारा रोज वाट पाहायचा. वाट पाहता पाहताच तो मेला.

तात्पर्य : ज्याच्या हाती किल्ली असते, त्याला नियम दुसऱ्याचा होता असं म्हणून सुटता येत नाही.