हातातली दांडी, कमरेची दोरी

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही खूप जुन्या काळची गोष्ट आहे. एका डोंगराळ राज्यात एक भलंमोठं सरोवर होतं. उन्हाळ्यात ते निळंशार असायचं आणि हिवाळ्यात गोठून पांढरंशुभ्र व्हायचं. वारा मात्र तिथे बाराही महिने वाहायचा.

अलीकडच्या काठावर दोर वळणाऱ्यांचं गाव होतं आणि पलीकडच्या काठावर वावडीकरांचं. वावडी म्हणजे मेण चोळलेल्या कापडाचा, माणसाहून मोठा पतंग. वावडीकर पायाखाली फळी बांधायचे, वावडी आभाळात चढवायचे आणि पाण्यावरून सुसाट निघायचे. सरोवर गोठलं की फळी कोपऱ्यात जायची, पायांत दोन लांब चिंचोळ्या पट्ट्या यायच्या आणि तोच खेळ बर्फावर सुरू व्हायचा. बाजाराला जायचं तर वावडी, लग्नाचं आमंत्रण द्यायचं तर वावडी, आणि काहीच काम नसेल तर मग विचारूच नका.

अलीकडच्या गावात येसबा राहायचा. त्याचा दोर कधी तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दोर वळताना टोक हातून निसटलं की सगळा पीळ उलगडतो आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात जाते. त्यामुळे येसबाचे हात लहानपणापासून एकच गोष्ट शिकले होते, ती म्हणजे धरून ठेवणं.

त्याची बायको लवकर गेली. एकुलती एक लेक चंद्रा, तिला त्याने एकट्याने वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा तो दोर वळावा तशा घालायचा. बिचारीचे डोळे ताणले जायचे, पण वेणी संध्याकाळपर्यंत जागची हलायची नाही. बापाचं तिच्यावर फार प्रेम होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

चंद्रा मोठी झाली आणि लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली. येसबाला घर खायला उठलं. तो दर बाजाराला होडीत बसायचा आणि लेकीच्या दारात जाऊन उभा राहायचा.

"कशी आहेस गं?"

"छान आहे बाबा. मला इथे करमतं."

"सासरी असंच म्हणावं लागतं," असं पुटपुटत येसबा माघारी फिरायचा. तिला खरंच करमत असेल, हे काही केल्या त्याच्या मनाला पटेना.

मग एके दिवशी गोड बातमी कळली. चंद्राला दिवस गेले होते आणि बाळ ऐन हिवाळ्यात येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं आणि सातवा महिना लागल्यावरच लेकीला न्यायला माहेरचंच माणूस यावं, अशी तिथली रीत होती. पण न्यायचं कसं? पावसाळा सरला की सरोवरात अशा लाटा उसळायच्या की होडीत पोटुशीला बसवणं धोक्याचं. पुढे पाणी गोठलं की होड्या बंद, आणि डोंगरातली वाट बर्फाखाली.

येसबा थेट विहीणबाईंपुढे जाऊन उभा राहिला. चंद्राच्या सासूबाई, आवडाबाई, म्हणजे साऱ्या सरोवरावर वावडी हाकण्यात पहिल्या. केस पिकले होते, पण वारा त्यांना वचकून असायचा म्हणे.

"लेकीला बाळंतपणाला न्यायची आहे," येसबा म्हणाला.

"न्या की. तुमचा हक्कच आहे," आवडाबाई म्हणाल्या. "बर्फ नीट बसला की घसरगाडीत घोंगड्या अंथरायच्या, गाडी कमरेला जोडायची आणि वावडीने अलगद ओढत न्यायची. आमच्याकडे अशाच नेतात. पण गाडीपुढे तुम्हीच हवेत. येते का वावडी?"

"शिकेन."

आवडाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पदर खोचत म्हणाल्या, "चला, मग उशीर कशाला?"

पहिले काही दिवस शिक्षण गवतावर झालं. वावडीच्या दोऱ्या एका आडव्या दांडीला बांधलेल्या असायच्या. दांडी जवळ ओढली की वावडी वाऱ्याने भरायची आणि जोर धरायची. दांडी पुढे सोडली की वारा निघून जायचा, वावडी नुसतीच फडफडायची. आणि दांडी हातातून पार सोडून दिली, तर वावडी हलकेच खाली येऊन पडायची. ती उडून जाऊ नये म्हणून एक बारीक दोरी तिला कमरेशी बांधून ठेवायची. ही कमरेची दोरी येसबाने स्वतः वळली.

"आता सगळ्यांत पहिला धडा," आवडाबाई म्हणाल्या. "घाबरलात की सोडायचं. म्हणा बघू."

"घाबरलो की सोडायचं," येसबा शहाण्या मुलासारखा म्हणाला. तेवढ्यात एक झुळूक आली, आणि त्याने दांडी छातीशी गच्च कवटाळली. वावडीने त्याला उचललं आणि बाभळीच्या काट्यांत नेऊन घातलं.

काटे काढताना आवडाबाई म्हणाल्या, "अहो व्याहीबुवा, ओढाल तेवढी ती जास्त ओढते. एवढं साधं कसं कळत नाही?"

कळत होतं हो. डोक्याला कळत होतं, हातांना कळत नव्हतं.

मग पाण्यातले दिवस आले. येसबा फळीवर उभा राहायचा, पडायचा, नाकातोंडात पाणी जायचं, पुन्हा उभा राहायचा. आणि एके सकाळी तो पडलाच नाही. फळी पाण्यावर सरसर चालू लागली, वारा कानांत गाऊ लागला, आणि आयुष्यभर उलट्या पावलांनी मागे सरकत दोर वळणारा येसबा पहिल्यांदाच पुढे बघत धावला. तो मोठमोठ्याने हसत होता. आपण हसतोय हे त्याला काठावरच्यांचं हसू ऐकून कळलं.

पण वाऱ्याविरुद्ध वळणं त्याला अजून जमायचं नाही. त्यामुळे वारा त्याला नेऊन पार गावाच्या शेवटच्या टोकाला सोडायचा, आणि ओली वावडी खांद्यावर टाकून तो सगळं गाव पायी तुडवत परत यायचा. वावडीकरांच्या गावात अशा पायी परतणाऱ्याचा एक रिवाज होता. वाटेतल्या दर घराने त्याला ताक द्यायचं आणि मनसोक्त थट्टा करायची.

"काय पाहुणे, वाऱ्याने आज कुठवर पोचवलं?"

"या या, वावडी दमली असेल, तिलाही घोटभर द्या!"

येसबा लाजायचा आणि ताक प्यायचा. शेवटचं घर चंद्राचं. ती तांब्या घेऊन दारातच उभी असायची. पण नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत बापाने लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशीही एक रीत होती, आणि येसबा रीत मोडणाऱ्यांतला नव्हता.

"तेवढं नको गं," तो म्हणायचा. चंद्रा तांब्या खाली ठेवायची आणि दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसून गप्पा मारायची.

पावसाळ्यात वादळं आली, तेव्हा वावड्या गुंडाळून सगळे घरात बसले. येसबाने आपल्या गावी बसून साऱ्या वावडीकरांसाठी नवे दोर वळले. आभाळ उघडलं तसा तो पुन्हा हजर. त्याला वाऱ्याविरुद्ध वळता येऊ लागलं. लाटेवरून उडी मारता येऊ लागली. जिथून निघाला तिथेच परत येऊ लागला, तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या, आणि ताक बंद झालं म्हणून त्याला थोडं वाईटही वाटलं.

फक्त तो पहिला धडा राहिला. आवडाबाई अधूनमधून ओरडायच्या, "सोडा!" आणि येसबाची मूठ मिटायची.

"तुम्ही आता माझ्या पोरांहून झोकात चालवता," एकदा त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पण ज्याला सोडता येत नाही, त्याच्या मागे मी माझी सून बसवणार नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल."

येसबा रागावलाच. 'माझी सून म्हणे! आधी माझी लेक आहे ती!' तो शेवटच्या होडीने घरी गेला. त्या आठवड्यात सरोवर गोठलं.

बर्फ जाड बसला, तसा येसबाने मनाशी बेत पक्का केला. चंद्राचे दिवस भरत आले होते. विहीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत, आपण जायचं, हक्काने लेक मागायची आणि घेऊन यायचं. त्याने पायांत पट्ट्या बांधून काठाशी नुसतंच घसरून पाहिलं, मग घसरगाडीत मऊ घोंगड्या अंथरल्या. उशाला चंद्राची लहानपणची गोधडी ठेवली. वावडी मात्र उन्हाळ्यातलीच, मोठी घेतली. गाडी ओढायची तर मोठी वावडी हवी, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकला होता. थंडीतला वारा जड असतो. उन्हाळ्यात मोठी वावडी जेवढं ओढते, तेवढं हिवाळ्यात लहानगी ओढते. वावडीकरांची पोरंसुद्धा बर्फ पडला की लहान वावड्या काढतात. पण हे शिकवायच्या आतच येसबा रागावून घरी गेला होता ना!

निघताना सगळं छान होतं. कोवळं ऊन होतं, बर्फ साखरेसारखा चमकत होता आणि गाडी मागून मांजरीच्या पावलांनी येत होती. येसबा गुणगुणायला लागला. पलीकडचा काठ जवळ आला. काठावर दोन बायका दिसल्या, एक ताठ आणि एक जडावलेली, कमरेवर हात ठेवून उभी.

"आलो गं, चंद्रे!" तो ओरडला.

आणि नेमका तेव्हा डोंगराच्या खिंडीतून वाऱ्याचा लोट आला. मोठी वावडी टच्च भरली आणि येसबाला घेऊन भलतीकडेच धावली. तिकडे डोंगरातला ओढा सरोवरात उतरायचा. तिथे बर्फ कधीच धरत नसे. पांढऱ्या बर्फात पाण्याचा काळा डोह दिसत होता, आणि येसबा त्याच्याच दिशेने चालला होता.

येसबा घाबरला. त्याने दांडी छातीशी ओढली. वावडीने दुप्पट ओढलं.

"सोडा! व्याहीबुवा, सोडा!" आवडाबाईंची हाक आली. त्याने आणखी घट्ट धरलं.

"बाबा, सोडा ना!" ही चंद्रा होती. ती रडत होती.

येसबाने मान वळवली. त्याला आधी लेक दिसली नाही, मागे उसळ्या खात येणारी रिकामी घसरगाडी दिसली. घोंगड्या उडून गेल्या होत्या, गोधडी तेवढी एका कोपऱ्यात अडकली होती. या गाडीत आत्ता चंद्रा असती. बाळासकट असती. आणि तिला डोहाकडे ओढत नेणारा तिचा बापच असता.

येसबाच्या बोटांनी जन्मात पहिल्यांदा आपणहून हातातलं सोडलं.

दांडी निसटली. वावडी एकदा फडफडली आणि गुपचूप बर्फावर उतरली. पट्ट्या मंदावल्या, गाडी थांबली. डोह समोरच होता, त्यातल्या पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. येसबा बर्फावरच बसला. कमरेला काहीतरी हलकंसं ओढत होतं. त्याने खाली पाहिलं. ती बारीक दोरी होती, त्याने स्वतः वळलेली. दुसऱ्या टोकाला वावडी शांत पडली होती, कुठेही गेली नव्हती.

येसबा तिथे बसून पोटभर रडला. आवडाबाई धापा टाकत पोचल्या. त्या रागवणार असं त्याला वाटलं होतं, पण त्यांनी त्याच्या डोक्यावरचा बर्फ झटकला आणि त्याला हात देऊन उठवलं.

"विहीणबाई," तो म्हणाला, "चंद्रा इथेच राहू दे. तिला इथे करमतं."

"तिने तुम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं," आवडाबाई म्हणाल्या.

"हो. आज ऐकलं."

मग येसबा वावडी खांद्यावर टाकून पायी गावात शिरला. रिवाज तो रिवाज. थंडीमुळे ताकाऐवजी दर घरातून सुंठ-गुळाचं ऊन पाणी आलं, पण थट्टा तीच.

"काय पाहुणे, वाऱ्याने आज कुठवर पोचवलं?"

"लेकीच्या घरापर्यंत," येसबा म्हणाला. त्यावर त्यांनी त्याला आणखी एक पेला दिला.

तो शेजारच्या घरी उतरला. थोड्याच दिवसांत, एका स्वच्छ सकाळी, चंद्राला मुलगी झाली. आवडाबाईंनी बाळ आणून त्याच्या हातांत दिलं.

"सांभाळून हं, व्याहीबुवा. फार घट्ट..."

"माहीत आहे," येसबा म्हणाला. आणि खरंच, बाळ त्याच्या हातांत इतकं अलगद होतं की ते जागंसुद्धा झालं नाही. आतून चंद्राने तांब्या पाठवला. येसबाने उंबरठा ओलांडला, खाली बसला आणि लेकीच्या घरचं पाणी पोटभर प्यायला.

त्यानंतर येसबाने पुष्कळ ऋतू पाहिले. उन्हाळ्यात फळीवर, हिवाळ्यात पट्ट्यांवर, तो म्हातारा होईपर्यंत सरोवरभर हिंडला. नातीला वावडी त्यानेच शिकवली, आणि पहिल्या धड्याला तिच्याकडून पन्नासदा दांडी सोडवून घेतली. तो आता दर बाजाराला लेकीच्या दारात जाऊन उभा राहत नसे. गंमत म्हणजे, वारा जरा बरा असला की चंद्राच न बोलावता वावडी घेऊन अलीकडे यायची आणि बापाच्या अंगणात उतरायची.

तात्पर्य: जो हात वेळेवर सैल होतो, त्याच्याशीच माया बांधलेली राहते.